कानांनी पाहिलेले चित्रपट

हैदराबादेत मराठी चित्रपट पाहावयाचा म्हणजे ग्रहणकाळ साधावा तशी वेळ साधावी लागते. चित्रपट शुक्रवारी लागतो. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवार-रविवारी सकाळी नऊचा, नाही तर भर दुपारचा, असा एखादा खेळ आपल्या वाट्याला येतो आणि पुढच्या गुरुवारी त्याचे नावही फलकावर उरत नाही. पुण्याचे आप्त फोनवर "पाहिलात की नाही?" म्हणून विचारतात, तोवर तो इथून गेलेलाही असतो. एकदा आम्ही सहकुटुंब पोचलो, तर "प्रेक्षक पुरेसे नाहीत, खेळ रद्द" असे दारातच ऐकावे लागले. पैसे परत मिळाले. देवपूजा लवकर आटोपून केलेली धावपळ तेवढी वाया गेली.

तेव्हा या सदराच्या वाचकांनी आम्हांस चित्रपटांचे जाणकार समजू नये. वर्षाकाठी चार-पाच चित्रपट, तेही ज्यांचा फार बोलबाला झाला आहे असेच, आम्ही पाहतो. छायाचित्रण, संकलन, दिग्दर्शकाची दृष्टी यांवर लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ आहेत. आम्ही चित्रपटाला जातो ते बव्हंशी ऐकायला. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, आपणांस वाटणार नाही. आमच्या एका स्नेह्यांचा सहा वर्षांचा नातू प्रथमच मराठी चित्रपट पाहावयास बसला होता. पडद्यावर हवालदार आला आणि मराठीत दरडावू लागला, तेव्हा त्याने आजोबांना विचारले, "हे पोलीसकाका आपल्या नात्यातले आहेत का?" त्या पोराच्या जगात मराठी बोलणारी माणसे सगळी घरातलीच: आजी, आत्या, सणाला येणारे मामा. भाजीवाला तेलुगू बोलतो, रिक्षावाला दख्खनी, शाळेतल्या बाई इंग्रजी. मराठीत चोर असतो, सावकार असतो, कोणी अनोळखी माणूसही आपल्याला मराठीत हटकू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळले. गेल्या दहा वर्षांतल्या गाजलेल्या चित्रपटांचा हिशेब मांडावयास आम्ही बसलो आहोत तो असा, कानांनी ऐकलेल्याचा. आणि त्यातली जमा कोणती, खर्च कोणता, हे आम्हांला अजून नीटसे ठरविता आलेले नाही.

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'पासून आरंभ करणे भाग आहे, कारण तो आमच्या शहरात येतो. करमाळ्याच्या मुलुखातली पाटलाची आर्ची आणि मच्छीमाराचा परश्या घर सोडून पळतात ते हैदराबादेस. मराठी चित्रपटात हैदराबाद एवढ्या विस्ताराने आम्ही तरी पूर्वी पाहिलेले नव्हते. आणि पाहिले ते परके, गजबजलेले, वाट चुकलेल्या पोरांना गिळू पाहणारे शहर म्हणून. प्रथम आमचा थोडा मानभंग झाला. ज्या शहरात आमच्या चार पिढ्या नांदल्या, जिथे आमच्या शाळा आहेत, ग्रंथालये आहेत, गणेशोत्सव आहेत, त्या शहरातले मराठीपण चित्रपटात शोधू गेल्यास झोपडपट्टीत सापडते. आपल्या मंडळाच्या सभागृहात ती दोघे आली असती तर, असे आमच्या शेजारी बसलेल्या एका सद्गृहस्थांनी मध्यंतरात हळहळून म्हटले. आम्ही मनात म्हटले, आली असती तर आपण प्रथम आडनाव विचारले असते.

त्या चित्रपटातली आमच्या जिवाला लागलेली गोष्ट भाषेची आहे. गावात असताना आर्ची मुलांना दटावते, आणि मराठीत सांगून कळत नसेल तर इंग्रजीतही सांगण्याची तिची तयारी असते. त्या प्रसंगाला प्रत्येक खेळात शिट्ट्या पडल्या. पुढे तीच मुलगी हैदराबादेत येते, आणि इथे तिचे मराठी चालत नाही, शाळेतले इंग्रजीही कामास येत नाही. जिच्या एका वाक्याने वर्ग गप्प होई, तिला कारखान्यात बाटल्यांच्या रांगेपाशी मुकाट्याने उभे राहावे लागते. मग ती हळूहळू तेलुगू शिकते, मैत्रीण जोडते, संसार मांडते. परप्रांतात गेलेल्या माणसाची भाषा आधी गळते आणि मग दुसरी फुटते, हे आमच्या घराघरांतून घडलेले आहे. आमच्या आजीच्या पिढीतल्या कित्येक स्त्रिया लग्न होऊन इथे आल्या तेव्हा अशाच मुक्या झाल्या होत्या. वर्षभराने त्याच भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करू लागल्या. त्यांच्याविषयी कोणी काही लिहून ठेवलेले नाही. रिंकू राजगुरू या शाळकरी वयाच्या मुलीने ते दहा-पंधरा मिनिटांत उभे केले. तिला राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख मिळाला, तो सर्वस्वी योग्यच होता.

आणि सुमनअक्का! छाया कदम यांनी रंगविलेली ही बाई त्या दोघांना गुंडांच्या हातून सोडविते, खोपटात आसरा देते, डोशाच्या गाडीवर काम देते. ती मराठीही बोलते आणि तेलुगूही. आमच्यापैकी या चित्रपटात कोणी असेल, तर ती आहे.

करमाळ्याची बोली इथल्या जुन्या मंडळींना परकी वाटली नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही जागचे न हलता महाराष्ट्राबाहेरचे ठरलो. तोवर लातूर, नांदेड, उस्मानाबाद ही आमचीच गावे होती, आणि "काय करू लालास?" हा प्रश्न आमच्या माजघरांत सर्रास ऐकू येई. मुले शिकली तसतशी ही बोली दबत गेली. पाहुण्यांसमोर ती बोलू नये असा दंडकच पडला. मराठी चित्रपटानेही तिला फार दिवस विनोदापुरती किंवा तमाशापुरती राखून ठेवली होती. 'सैराट'ने तिच्यात प्रेम केले, भांडण केले, शोक केला. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांचा अनुभव असाच आहे. तेलंगणाची बोली तेलुगू चित्रपटात खलनायकाची नाही तर विदूषकाची असे, ही त्यांची जुनी तक्रार. २०१७च्या 'फिदा'त नायिका ती बोलली, आणि २०२३च्या 'बलगम'मध्ये तर अख्खे गाव बोलले. मृताच्या दिवसकार्यावर आधारलेला तो चित्रपट खेड्याखेड्यांत चावडीपुढे पडदे लावून लोकांनी एकत्र बसून पाहिला. आम्ही तो शेजाऱ्यांच्या आग्रहाने पाहिला. पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून ताटकळणारे ते घर पाहताना भाषांतराची गरज कोणालाच भासली नाही.

एवढी स्तुती केल्यावर 'सैराट'विषयीचे शल्यही सांगावे लागते. ते चित्रपटाचे कमी आणि आम्हां प्रेक्षकांचे अधिक आहे. अजय-अतुल यांच्या 'झिंगाट'वर नाचणारे चित्रपटगृह आम्ही पाहिले, आणि शेवटी पार्श्वसंगीताचा एक सूरही न वाजता पडदा संपला तेव्हा श्वास रोखून बसलेले तेच चित्रपटगृहही पाहिले. पण घरी नेले लोकांनी ते गाणेच. त्या वर्षीपासून आमच्याकडची एकही मराठी वरात त्यावाचून निघालेली नाही. पत्रिका जुळवून, पोटजात पाहून, देण्याघेण्याची बोलणी होऊन ठरलेल्या लग्नाच्या वरातीत ते गाणे वाजते आणि व्याही-विहिणी हात उंचावून नाचतात. याच मासिकाच्या वधूवर-सूचक पानावर वाचकांनी एकदा नजर टाकावी. आम्ही त्यावर अधिक लिहिल्यास संपादक आमचे सदर आखडते घेतील. २०१८ साली 'धडक' या नावाने हिंदी आवृत्ती निघाली. तीत मुलगी उदयपूरची झाली आणि पळून कलकत्त्यास गेली. चेहरे देखणे होते. तीविषयी आठवण्याजोगे आणखी काही नाही.

आता ऐतिहासिक चित्रपट. दिग्पाल लांजेकर यांनी 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३) अशी मालिकाच लावली. भालजी पेंढारकरांचा १९५२चा 'छत्रपती शिवाजी' आणि त्यांचाच १९५६चा 'पावनखिंड' ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या नव्या चित्रपटांतला गोंगाट सोसवत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. भालजींचा माणूस दोन वाक्यांमध्ये श्वास घेत असे. इथे प्रत्येक वाक्य टाळीसाठी थांबते, टाळी पडली नाही तर नगारा वाजतो, आणि नगाऱ्यानेही भागले नाही तर तलवार हवेत संथ गतीने फिरत राहते. बाजीप्रभूंसारखा पुरुष खिंड लढविण्याआधी आपल्या माणसांशी हळू आवाजात काही बोलला असेलच ना? ते ऐकावयास मिळावे अशी आमची फार इच्छा होती. अजय पुरकरांसारखा समर्थ नट हाती असताना ते सहज जमले असते.

पण याच चित्रपटांचे दुसरे अंगही आहे. आमच्या इमारतीतली तीन मराठी मुले, जी एरवी एकमेकांशी इंग्रजीत भांडतात, 'पावनखिंड' पाहून आल्यावर महिनाभर गच्चीवर मराठीत लढत होती. मोहीम, गनीम, शर्थ, दगा, फत्ते, हे शब्द आठ वर्षांच्या मुलांच्या तोंडी आम्ही कधी ऐकले नव्हते. आमच्या मंडळाने चालविलेल्या रविवारच्या मराठी वर्गांना हे साधले नाही. यातली गंमत अशी, की हे पाचही शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. इतकेच काय, फर्जंद, फत्ते, शिकस्त, सुभेदार ही या चित्रपटांची नावेही तिकडचीच. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार अशा शब्दांनी इतका भरलेला होता, की महाराजांना रघुनाथपंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घ्यावा लागला. ज्या हैदराबादी मराठीला पुण्याचे पाहुणे मुसलमानी वळणाची म्हणून हसतात, तिच्यात त्या जुन्या दफ्तरांचा वास अजून शिल्लक आहे. १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आमचे वडीलधारे 'खुलासा', 'तसफिया', 'सरबराई' असे शब्द सहज योजीत. पडद्यावरचा मावळा मात्र पाठ्यपुस्तकातले आलंकारिक मराठी बोलतो. लेखकांनी थोडी जुनी कागदपत्रे चाळली, तर गनिमाचा शब्दकोश आणि आपला शब्दकोश एवढे वेगळे नव्हते, हे त्यांच्या ध्यानात येईल.

हा विचार मनात असतानाच १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' आला. शिवाजी सावंतांची १९७९ सालची कादंबरी, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, नायक विकी कौशल. आणि भाषा हिंदी. हा मात्र आमच्या शहरात सकाळ-संध्याकाळ लागला, ७ मार्चपासून तेलुगूतही लागला. मराठीत तो आम्हांस ऐकावयास मिळाला नाही. शंभूराजांच्या कथेला एवढा मोठा पडदा, एवढा खर्च आणि देशभरचा प्रेक्षक मिळाला, याचा अभिमान आम्हांला वाटला, तो कशाला लपवावा? विकी कौशलने जीव ओतून काम केले आहे. आमच्या पुढच्या रांगेतले वृद्ध गृहस्थ उपरण्याने डोळे पुसत होते. तथापि शेवटची ती प्रदीर्घ यातना आम्हांला पाहवेना, आणि ती संपल्यावर ज्या घोषणा चित्रपटगृहात उठल्या त्या सगळ्याच शंभूराजांच्या जयजयकाराच्या नव्हत्या. मार्च महिन्यात नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली, तेव्हा त्या चर्चेत या चित्रपटाचे नाव निघाले. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या बादशहाचा राग मनात घेऊन माणसे चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरतात, आणि खाली रिक्षा घेऊन उभा असतो तो कोणी गरीब अब्दुल किंवा मोईन. आम्ही या शहरात त्यांच्या शेजारी राहतो. १९४८ आमच्या घरांतूनही विस्मरणात गेलेले नाही. रझाकारांच्या दिवसांतल्या गोष्टी आम्ही ऐकलेल्या आहेत, आणि त्याच दिवसांत ज्यांनी आमच्या माणसांना माळ्यावर लपविले त्या शेजाऱ्यांच्याही ऐकलेल्या आहेत. असा शेजारी 'छावा'त कुठे दिसत नाही. अडीच तासांच्या युद्धपटात त्याला जागा नव्हती असे कोणी म्हणेल. गाण्यांना होती.

'छावा'ची आणखी एक आठवण. आमच्या खालच्या मजल्यावरचे रेड्डीगारू तेलुगू आवृत्ती पाहून आले आणि रात्री साडेनऊला आमची घंटा वाजवून म्हणाले, "तुमच्या संभाजीराजांवर कादंबरी आहे म्हणे. त्यांच्या बायकोविषयी तीत आणखी काय आहे?" येसूबाईंविषयी आम्ही अर्धा तास बोललो. कादंबरी कपाटातून काढून दाखविली, त्यांनी ती आदराने हातात घेतली आणि आमच्या अभियंता नातवाला विचारले, "तू वाचली असशील?" नातवाने पुस्तकाची जाडी पाहिली. त्याला देवनागरी वाचता येते, हिंदीमुळे. पान मात्र पुरे होत नाही.

'बाईपण भारी देवा'विषयी सौभाग्यवतींचे आणि आमचे मतभेद आहेत. केदार शिंदे यांचा हा चित्रपट ३० जून २०२३ रोजी आला. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात आणि प्रत्येकीची गाठ त्या निमित्ताने सुटते, एवढीच कथा. गाठी फार लवकर सुटतात असे आमचे मत. "तुमच्या सुटायला लागतात तेवढी वर्षे चित्रपटात दाखवता येत नाहीत," हे घरातले उत्तर. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्या तोंडचे शहरी, घरगुती, मध्येच इंग्रजीत घसरणारे मराठी कानांना अगदी खरे वाटते, हे मात्र मान्य. इथल्या महिला मंडळाने अख्ख्या चार रांगा राखून ठेवल्या होत्या आणि पुरुषांना घरी थांबावयास सांगण्यात आले होते, त्यामुळे आम्ही तो आठवडा संपता संपता, रिकाम्या खुर्च्यांमध्ये पाहिला. त्या वर्षी अधिक श्रावण असल्याने मंगळागौरी महिनाभर पुढे गेल्या होत्या. तेवढ्या अवधीत ज्यांच्याकडे मंगळागौर म्हणजे केवळ पुरणाचे जेवण उरले होते, त्यांनी सत्तरीच्या काकूंना खुर्चीवर बसवून झिम्मा, पिंगा, लाट्या यांचे पाठ घेतले. काकूंना गाणी येत होती. कोणी विचारले नव्हते, एवढेच.

या सगळ्या चित्रपटांच्या तळाशी इंग्रजी ओळ असते, सबटायटलची. महाराष्ट्राबाहेर तिच्यावाचून चित्रपट चालणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु आमची नातवंडे ती ओळ वाचतात, आणि डोळ्यांनी वाचणे कानांनी ऐकण्यापेक्षा जलद असल्यामुळे नटाचे वाक्य पुरे होण्याआधीच ती हसतात. आम्ही हसतो तेव्हा ती पुढच्या ओळीवर गेलेली असतात. अंधारात शेजारी शेजारी बसून एकाच विनोदाला दोनदा हसू ऐकू येते. घरी मोबाइलवर तर आवाज बारीक करून केवळ ओळी वाचीत पाहणारेही आम्ही पाहिले आहेत. मराठी चित्रपट मुलांना दाखविला म्हणून आपण समाधान मानावे, तर त्यांनी तो इंग्रजीत पाहिलेला असतो.

सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या सुबोध खानोलकरांच्या 'दशावतार'ला आम्ही नातीसह गेलो. एक्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत इतके काही करतात, की उत्तरार्धात कथा सूडाच्या ठराविक वळणाला लागली आणि पुन्हा तो कर्णकर्कश नगारा सुरू झाला तरी आम्ही उठून गेलो नाही. पूर्वार्धातले कोकणचे घर, बापलेकाचे बोलणे, खाणीच्या लोभापायी उलटणारे गाव, हे सारे फार चांगले उतरले आहे. बोली मात्र मालवणी वळणाची, आणि आम्ही पडलो मराठवाड्याकडचे; आमच्या रांगेतल्या ज्येष्ठांचेही डोळे मधूनमधून खालच्या इंग्रजी ओळीकडे वळत होते. एके ठिकाणी नात हळूच म्हणाली, "आजोबा, हे काय बोलले? खाली लिहिलंय ते वेगळंच वाटतंय." आमच्याकडे उत्तर नव्हते. ते मागच्या रांगेतून आले. सावंतवाडीकडच्या कोणी बाई होत्या, आमच्या सर्वस्वी अपरिचित. पुढे वाकून त्यांनी तो शब्द, त्याचा अर्थ आणि तो आपल्या आजीच्या तोंडी कसा असे, हे सर्व तिला सांगितले. नंतर त्या थांबल्या नाहीत. चित्रपट संपेपर्यंत दर दोन-चार वाक्यांनी त्यांची कुजबुज सुरू होती. पलीकडच्या कोणी तरी दोनदा "शूऽ" केले. आमच्या रांगेतून कोणी केले नाही.